बुक क्लबसाठी लहान मुलाच्या दुःखावरचं पुस्तक हवंय? 'श्यामची आई'च्या पलीकडे बघा

बोरिवली असो वा मुलुंड, वाचनगटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'या वेळी लहानपणीच्या दुःखावरचं काहीतरी घेऊ' असं कुणी लिहिलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, 'श्यामची आई'. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलेलं हे पुस्तक थोर आहे, यात वाद नाही. पण या विषयासाठी ते अडचणीचं आहे. तिथं मोठा झालेला माणूस मागे वळून पश्चात्तापानं बोलतो. वाचून सगळे रडतात आणि दहाव्या मिनिटाला गाडी 'आजकालच्या मुलांवर' घसरते. ज्याची आई खरंच आठव्या वर्षी गेली, तो सदस्य गप्पच राहतो.

दुसरं नाव येतं 'कोसला'चं (१९६३). धाकट्या मनूच्या मृत्यूचा भाग मराठीतल्या सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या पानांपैकी आहे. पण शोक करणारा पांडुरंग तेव्हा लहान नाही, कॉलेजात आहे. शिवाय एकदा 'कोसला' निघाली की चर्चा नेमाडे या विषयावर जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

मग काय घ्यावं? प्रकाश नारायण संतांचा लंपन. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' या चार पुस्तकांतून तो भेटतो. काटेकोर बोलायचं तर ही कादंबरी नाही, एकाच मुलाच्या कथा आहेत. त्यावर हरकत घेणारा एक सदस्य प्रत्येक गटात असतोच, त्याला घेऊ द्यावी.

लंपन आई-वडिलांपासून दूर, बेळगाव परिसरातल्या गावात आजी-आजोबांकडे वाढतो. आठवण येते हे तो सरळ सांगत नाही. तो भलतेच आकडे फेकतो, विषय बदलतो, खेळायला पळतो. मुलांचं दुःख असंच दिसतं आणि म्हणूनच घरच्यांना ते कळत नाही. पुढे एका कथेत वडिलांचा मृत्यू येतो, तोही याच नजरेतून. संतांचे स्वतःचे वडील, कवी ना. मा. संत, १९४६ मध्ये गेले. तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. आई इंदिरा संतांच्या कवितेतला विरह महाराष्ट्राला पाठ आहे, त्याच घरातल्या मुलाची बाजू इथं सापडते.

सुरुवात 'वनवास'पासून करावी. कथा सुट्या असल्यानं बोरिवली-चर्चगेट प्रवासात एखादी सहज संपते. मृत्यूची कथा मात्र दुसऱ्या बैठकीला ठेवावी आणि तसं ग्रुपवर आधीच कळवावं. कुणाच्या घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर त्यानं न आल्याचं कारण विचारू नये. आणि २०२४ मध्ये आलेली 'लंपन' ही वेब सीरिज चर्चेनंतरच बघावी. आधी बघितली तर निम्मा गट पुस्तक उघडणारच नाही.