पाकिटावरची चांदी का सुटते?

बियाणे घरी आले की पाकीट फोडायची घाई असते. पाकिटाकडे कोणी पाहत नाही. भाजीपाल्याच्या बियाण्याची पुष्कळ पाकिटे चांदीसारखी चकाकतात. ती बहुधा प्लॅस्टिकवर चढवलेली ॲल्युमिनियमची झिलई असते, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याइतकी पातळ. ओल बाहेर ठेवणे हे तिचे काम. झिलई सुटली की ओल आत शिरते आणि उगवण घटते.

ही झिलई धरते कशी, ते आपल्या वर्ध्याच्या कापसावरून समजेल. कच्चा कापूस पाण्यावर टाकला तर लवकर भिजत नाही, कारण तंतूवर मेणाचा थर असतो. म्हणून खादीचे सूत आधी सोड्यात उकळतात आणि मगच रंगवतात. पॉलिथिनचे अंगही असेच मेणचट. त्याला शाई धरत नाही, धातूही धरत नाही.

प्लॅस्टिक काही उकळता येत नाही. म्हणून कारखान्यात त्यावर प्लाझ्माचा, म्हणजे विजेने चेतलेल्या वायूचा मारा करतात. पेटलेल्या ट्यूबलाइटमध्ये असतो तोच हा प्लाझ्मा. त्याने वरचा मळ जातो, पृष्ठभागावर प्राणवायूचे अणू जोडले जातात आणि त्यांना वरचा थर घट्ट धरतो. काही वेष्टनांवर काचेसारखा पारदर्शक थर तर प्लाझ्मातूनच बसवतात. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने अंगोरा सशाची निसरडी लोकर नीट कातता यावी म्हणून हेच तंत्र वापरले.

मग थर सुटतो का? मारा कमी पडला तर पकड बसत नाही. जास्त झाला तर प्लॅस्टिकची वरची कातडीच कमजोर होऊन थरासकट निघते. मारा केलेले प्लॅस्टिक फार दिवस तसेच पडले तर गुण ओसरतो, जसा जमिनीचा वाफसा निघून जातो. आणि थर जाड म्हणजे बळकट, हा समज खोटा. प्लॅस्टिक ताणते, वाकते. जाड थराला तडे जातात. कारखान्यात चिकटपट्टी लावून, ओढून पकड पारखतात.

आपण काय करावे? पाकीट चुरगळू नये, उन्हात ठेवू नये. रिकामे पाकीट उजेडाकडे धरा. घडीवर बारीक छिद्रे चमकली, तर तेथे झिलई तुटली असे समजा. अशा पाकिटात उरलेले बियाणे न ठेवता ते कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डब्यावर नाव लिहा. रिकाम्या पाकिटात खाण्याची वस्तू मात्र कधीही भरू नका.

छपाईची शाई धरण्यासाठीही असाच विजेचा मारा लागतो. तो कमी पडला तर लॉट नंबर बोटाने पुसला जातो. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या. अशा वेळी पावती आणि लॉट नंबर हाच आपला पुरावा. तेव्हा खरेदीच्या दिवशीच तो नंबर वहीत उतरवून घ्या आणि पावती, पाकीट, मूठभर बियाणे पीक हाती येईपर्यंत जपून ठेवा.