फटफटीचे इंजिन आणि चिखलातील नाव

धरणाच्या फुगवट्याकाठी किंवा खाडीच्या खाजणात राहणाऱ्या माणसास नाव चालविताना अडचण येते ती बहुधा पाणी फार असल्यामुळे नव्हे, तर ते अपुरे असल्यामुळे. उन्हाळ्यात फुगवटा मागे हटतो, गाळ उघडा पडतो, जेथे पाणी उरते तेथे जलपर्णी माजते. नावेस मागून टांगावयाचे नेहमीचे मोटारयंत्र अशा ठिकाणी निकामी ठरते. ते स्वतःस थंड ठेवण्यासाठी खालूनच पाणी ओढून घेते. त्या पाण्याबरोबर चिखल आत गेला की वाट तुंबते आणि इंजिन तापते. त्याचा पंखा खोल असल्याने दगडावर आपटतो, वनस्पतींत गुंततो. शेवटी बांबू आणि वल्हे यांवरच भिस्त ठेवावी लागते.

अशा गावातील एखाद्या हुशार मिस्त्रीच्या मनात भंगारातील फटफटीचे इंजिन काढून, त्यास लांब दांडा व पंखा जोडून चिखलात चालणारे यंत्र बनवावे, असा विचार आला तर त्यात नवल नाही. असा विचार कानी आला असता काही ग्रामकार्यकर्ते तो हसण्यावारी नेतात, तर काही जण विचारपूस न करता पाठ थोपटतात. हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. यंत्र बनविण्याचा विचार योग्य आहे. मात्र फटफटीचे इंजिन ही त्यासाठी पहिली निवड असता कामा नये.

यंत्राचे मर्म इंजिनात नसून शेपटीत

चिखलातील यंत्राची रचना साधी आहे. हवेने थंड होणारे इंजिन नावेच्या मागील फळीवर एका फिरत्या खुंटीवर बसवितात. त्यातून सुमारे दोन-तीन मीटर लांबीचा दांडा नळीतून मागे जातो व त्याच्या टोकाशी लहान पंखा असतो. दांडा जवळजवळ आडवा असल्याने पंखा पाण्याच्या वरच्या थरात फिरतो. खुंटी दोन्ही दिशांनी फिरत असल्याने नावाडी यंत्रानेच नाव वळवितो आणि खडक किंवा ओंडका आला की शेपूट वर उचलतो. पंख्याखाली बसविलेली लोखंडी पट्टी तळाचा आघात आपल्यावर घेते.

थायलंडमधील कालव्यांत अशा लांब शेपटीच्या नावा नित्य दिसतात. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील दलदलीत १९७७ पासून अशी यंत्रे कारखान्यात तयार होऊ लागली. परंतु शेतकऱ्यास सर्वांत उद्बोधक उदाहरण व्हिएतनाममधील मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशाचे आहे. १९६० नंतरच्या दशकात तेथे लहान पेट्रोल इंजिने नावांवर आली. तेथील शेतकऱ्यांनी त्याच शेपटीभोवती पत्र्याची नळी बसविली आणि पंख्याने नाव ढकलण्याऐवजी कालव्याचे पाणी भातखाचरात चढविण्यास आरंभ केला. कोणत्याही सरकारी योजनेवाचून हा पंप अल्पावधीत गावोगाव पसरला. सॅन्सम या अर्थशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये त्यावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. बांगलादेशात याच्या उलट घडले. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथे लहान डिझेल इंजिनांच्या आयातीवरील निर्बंध सैल झाले. कूपनलिकेवर चालणारी ती इंजिने शेतकऱ्यांनी देशी नावांवर चढविली. कोरड्या ऋतूत पाणी उपसणारे इंजिन पावसाळ्यात माल व माणसे वाहू लागले.

या दोन उदाहरणांतील बोध एकच आहे. वर्षातील चार महिने चालणारे यंत्र गरिबास परवडत नाही. बारमाही उपयोगी पडणारे परवडते.

फटफटीचे गुण व दोष

फटफटीच्या इंजिनाचे गुण नाकारता येत नाहीत. ते भंगारात स्वस्त मिळते. त्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात व दुरुस्ती करणारा मिस्त्री दूर शोधावा लागत नाही. क्लच व गिअर आतच असल्याने पंखा थांबवून इंजिन चालू ठेवता येते. गुजरातेतील अमरेली जिल्ह्याचे मनसुखभाई जगाणी यांनी १९९४ च्या सुमारास बुलेट फटफटीचे मागील चाक काढून तेथे कोळपणीची अवजारे जोडली. ‘बुलेट सांती’ या नावाने ते यंत्र प्रसिद्ध झाले. गावच्या मिस्त्रीचा हात कमी नसतो, हे त्यावरून सिद्ध होते.

तथापि शेत व पाणी यांत भेद आहे. पहिला दोष उष्णतेचा. फटफटी धावते तेव्हा समोरचा वारा तिचे इंजिन थंड करतो. नावेत ते एका जागी उभे राहून पूर्ण भाराने तासन्‌तास चालते व तेवढा वारा त्यास मिळत नाही. दुसरा दोष फेऱ्यांचा. शंभर सी. सी. च्या सामान्य फटफटीची सुमारे आठ अश्वशक्ती मिनिटास आठ हजारांच्या आसपास फेरे झाल्यावर मिळते. गिअरच्या डब्यात हे फेरे पुष्कळ उतरतात. म्हणून बाहेर येणारे फेरे मोजल्यावाचून पंखा निवडल्यास इंजिन एक तर घुसमटते, नाही तर रिकामे भिरभिरते. तिसरा दोष सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पंखा नावेस पुढे ढकलतो, तेव्हा दांडाही तेवढ्याच जोराने पुढे रेटला जातो. फटफटीच्या चेनचक्राचे बेअरिंग असा लांबीच्या दिशेचा रेटा सोसण्यासाठी बनविलेले नसते. दांडा थेट त्यास जोडल्यास ते लवकरच खलास होते व इंजिन भर पाण्यात बंद पडते. चौथा दोष तेलाचा. शेपूट वर उचलली की इंजिन पुढे कलते, तळातील तेल एका बाजूस जाते आणि आतील भाग कोरडे पडू लागतात.

म्हणून ज्यास पंपही हवा आहे त्याने हाताने उचलता येईल असे, स्वतःचा पंखा असलेले, हवेने थंड होणारे हलके पंपाचे इंजिन घेणे श्रेयस्कर होय. ते स्थिर उभे राहून भार ओढण्यासाठीच बनविलेले असते आणि त्याचे फेरे मिनिटास तीन ते साडेतीन हजारांच्या सुमारास असल्याने जुळणी सोपी जाते. पाण्याने थंड होणारे जुने जड डिझेल इंजिन मात्र लहान नावेस पेलत नाही. पदरी जुने इंजिनच असेल तर साध्या फटफटीपेक्षा स्कूटर किंवा ऑटोरिक्षाचे, वारा घालणारा पंखा आतच असलेले इंजिन बरे. कोणतेही इंजिन घेतले तरी दांड्याचा रेटा सोसणारे स्वतंत्र बेअरिंग नळीच्या तोंडाशी चौकटीवर बसवावे. नाव चालू असताना इंजिन समतल राहील अशी पाचर खाली द्यावी. फिरत्या भागांवर जाळी असावी. नावाडी तोल जाऊन पडल्यास इंजिन आपोआप बंद व्हावे, यासाठी त्याच्या मनगटास बांधलेल्या दोरीची कळ बसवावी. या गोष्टींचा खर्च थोडा आहे, पण त्या सोडल्यास होणारी हानी भरून येत नाही.

पुराचा प्रसंग

इंजिन बसविले म्हणजे नाव मोठी झाली, असे मानण्याची चूक जीवघेणी असते. उलट इंजिन, इंधन व नावाडी यांचे वजन तिच्या धारणशक्तीतून वजा होते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी कृष्णेच्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी, क्षमतेहून अधिक माणसांनी भरलेली नाव उलटली व अनेकांना प्राण गमवावे लागले. त्या आठवणीचा मान राखावयाचा तर गावातील प्रत्येक नावेवर किती माणसे बसावीत हा आकडा रंगवून ठेवावा, प्रत्येकास जीवरक्षक जाकीट द्यावे आणि तो आकडा मोडण्याचा अधिकार कोणासही असू नये. पुरात वैरणीसाठी वापरतात त्या गुळाच्या काहिलीवर तर इंजिन कदापि चढवू नये.

इंजिन बसविलेली नाव ही यांत्रिक नाव ठरते आणि २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमानुसार तिची तपासणी व नोंदणी आवश्यक असते. तसेच ज्या फटफटीचे इंजिन काढावयाचे, तिची नोंदणी परिवहन कार्यालयातून आधी रद्द करून घ्यावी. हे सोपस्कार कटकटीचे वाटतात. पण तपासणीतच कच्ची फळी व सैल बोल्ट दृष्टीस पडतात.

ग्रामकार्यकर्त्याचे काम येथेच आहे. त्याने मिस्त्रीस कागदावरचे व्याख्यान देऊ नये. त्याने नावाडी, पंपधारक शेतकरी व मिस्त्री यांस एकत्र बसवावे आणि यंत्र प्रथम कमरेएवढ्या पाण्यात, काठाशी दोर बांधून, रिकाम्या नावेवर तासभर चालवून पाहावे. बेअरिंग तापले काय, तेल गळाले काय, शेपूट सहज उचलते काय, हे तिघांनी मिळून तपासावे. जे यंत्र तेथे टिकेल, तेच पुढे खोल पाण्यात न्यावे. मेकाँगच्या शेतकऱ्यास पंप कोणी शिकविला नव्हता. त्याने हाताशी असलेली वस्तू नीट पाहिली, एवढेच. आपल्या नदीकाठीही तशी पाहणारी माणसे आहेत. त्यांच्या कल्पनेस सावधगिरीची जोड मिळाली, तर भंगारातील लोखंडही गावाच्या उपयोगी पडेल.