दाखला मिळाला, आता पत्र वाचू

ठाण्यात टेंभी नाक्याला राहून मी मोडी वाचून देते. २०२३मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि आम्हा मोडीवाल्यांना एकदम भाव आला. लोक पिशवीतून कागद काढतात आणि विचारतात, ‘ताई, यात कुणबी लिहिलंय का बघा.’ नसलं की कागद पिशवीत परत. एकाने तर ‘मग रद्दीत टाकू?’ असं विचारलं. तो कागद म्हणजे व्याह्याने व्याह्याला लिहिलेलं पत्र होतं. त्यात तापाची चौकशी होती, बैलाचा सौदा होता आणि उसन्या पैशांची आठवणही, जरा लाजतच केलेली.

कुणबी दाखल्याची गरज खरीच आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण कागदाला आपण फक्त साक्षीला उभं करतो, हे मला खटकतं.

इतिहासाचंही तेच. आमच्या नाक्यापासून चालत जाता येईल असं ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह हा मुळात किल्ला. मार्च १७३७मध्ये मराठ्यांनी तो घेतला, तेव्हा पोर्तुगीजांचं बांधकाम अजून पुरं व्हायचं होतं. अंजूरच्या गंगाजी नाइकांची या मोहिमेमागची खटपट इथल्या जुन्या मंडळींना माहीत असते. पुढे मे १७३९मध्ये वसई पडली. ही गोष्ट आपण सुरुंग आणि तोफांनीच सांगतो. पण वसईवरचा हल्ला कसा झाला हे चिमाजी अप्पांनी सविस्तर लिहून कळवलं ते धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना.

हे स्वामी आधी चिपळूणजवळच्या परशुरामला राहत. १७२७मध्ये सिद्दी साताने ते देवस्थान लुटलं, मग स्वामी घाटावर धावडशीला गेले. ते पेशव्यांचे गुरू होते आणि सावकारही. स्वभाव तापट, वसुलीला कडक. बाजीराव त्यांना लिहितात की सावकारांच्या पाया पडून पडून कपाळाची कातडी झिजली. दिल्लीला धडक मारणारा माणूस हे आणखी कोणाला लिहिणार होता? देणेकऱ्याने धनकोपाशीच मन मोकळं करावं, ही मैत्री नाही तर काय! द. ब. पारसनीसांनी हा पत्रव्यवहार छापला म्हणून तो आपल्याला वाचायला मिळतो.

सरहद्दीवरच्या माणसांना पत्राची अशी भूक सगळीकडेच लागते. इसवी सन १०००च्या सुमाराला बायझंटाइन साम्राज्याच्या अरब सीमेवर अँटिऑकचा सुभा सांभाळणारा सेनापती निकेफोरोस उरानोस आणि तार्ससचा न्यायाधीश फिलेटोस एकमेकांना लिहीत. त्या काळच्या अशा पत्रांत बातमी थोडी आणि जिव्हाळा फार. खरी खबर बहुधा पत्र नेणारा तोंडी सांगे. आपल्याकडेही नाजूक मजकूर जासुदाच्या तोंडी असायचा. कागदावर क्षेमकुशल उरायचं, आणि नेमकं तेच आपण आज ‘कामाचं नाही’ म्हणून बाजूला सारतो.

म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे माझी एक मागणी आहे. नोंदी तपासायला बसवलेल्या मोडी वाचकाला नोंदवहीत एक रकाना जास्तीचा द्या: खासगी पत्र आहे का, कोणी कोणाला लिहिलंय. कागद ज्याचा त्यालाच परत जाऊ दे, फक्त आधी त्याचा फोटो काढून ठेवा. लोक कागद दाखवायला बिचकतात, कारण त्यांना वाटतं जमिनीचं काही निघेल. तसं काही नाही, हे त्यांना आधी नीट समजावून सांगा. अंजूर, भिवंडी, मुरबाडकडे पत्र्याच्या ट्रंकांत असे कागद अजून आहेत. तिकडची शिबिरं पावसाळ्याआधी घ्या. एकदा ओल धरली की पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना शाईच आधी निघून येते.