मान, दया आणि दृष्टांत

सन्मान कोणास द्यावा, हा प्रश्न वरवर पाहता सोपा आहे. ज्याने पराक्रम केला त्यास द्यावा, एवढे उत्तर घरातील लहान मूलही देईल. परंतु पराक्रम अलौकिक असून अल्पकाळच टिकला असेल, तर काय करावे? आमच्या उपनगरांत चार माणसे क्रिकेटविषयी बोलू लागली म्हणजे हा वाद बहुधा एकाच नावाशी येऊन थांबतो. ते नाव श्री. विनोद कांबळी यांचे. घाटकोपर आणि मुलुंड यांच्या दरम्यानच्या कांजूरमार्ग येथील साध्या वस्तीत वाढलेला हा निवृत्त डावखुरा फलंदाज क्रिकेटच्या कीर्तिदालनात बसविण्यायोग्य आहे काय? कोणी आवेशाने ‘होय’ म्हणतो, कोणी तितक्याच आवेशाने ‘छे’ म्हणतो. आपण जुन्या शास्त्रकारांच्या रीतीने आधी पूर्वपक्ष ऐकू, मग उत्तरपक्ष, आणि शेवटी सिद्धान्त करू.

पूर्वपक्ष दुबळा नाही. १९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर शारदाश्रम विद्यामंदिराच्या दोन मुलांनी ६६४ धावांची अभेद्य भागी केली. तीत कांबळी यांच्या नाबाद ३४९ व सचिन तेंडुलकर यांच्या नाबाद ३२६ धावा होत्या. पुढे जानेवारी १९९३ मध्ये कांबळी कसोटी सामन्यांत उतरले. फेब्रुवारीत वानखेडे मैदानावर त्यांनी इंग्लंडविरुद्ध २२४ धावा केल्या आणि लगेच मार्चमध्ये दिल्लीस झिंबाब्वेविरुद्ध २२७. लागोपाठच्या दोन डावांत द्विशतके काढण्याचा पराक्रम त्यांच्यापूर्वी हॅमंड व ब्रॅडमन या दोघांनीच केला होता. त्याच वर्षी श्रीलंकेत त्यांनी आणखी १२५ व १२० धावा काढल्या. पहिल्या ७ कसोटी सामन्यांत मिळून ७९३ धावा झाल्या, सरासरी ११३ हून अधिक! अवघ्या १४ डावांत त्यांच्या १,००० धावा पुऱ्या झाल्या. इतक्या थोड्या डावांत ही मजल दुसऱ्या कोणा भारतीयाने गाठलेली नाही.

याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २००९ साली आपले कीर्तिदालन स्थापिले. फलंदाजाने ८,००० धावा व २० शतके केलेली असावीत, किंवा त्याची सरासरी ५० च्या वर असावी, असा त्याच्या प्रवेशाचा दंडक सांगतात. कांबळींची कसोटीतील सरासरी ५४.२० आहे. २०१९ साली त्या दालनात प्रविष्ट झालेल्या तेंडुलकरांची ५३.७८ आहे. तेव्हा अक्षरशः पाहिले तर दार उघडेच आहे, मग अडले कोठे, असे पूर्वपक्षाचे म्हणणे.

आता उत्तरपक्ष. अपूर्णांकांची तुलना करण्यापूर्वी छेद पाहावा, हे गणिताच्या पहिल्या धड्यातच शिकवितात. तेंडुलकरांची सरासरी ३२९ डावांची, तर कांबळींची २१ डावांची. त्या २१ डावांचेही दोन भाग पडतात. पहिल्या ७ सामन्यांच्या वैभवानंतर पुढील १० सामन्यांत त्यांच्या केवळ २९१ धावा झाल्या. १९९४ साली वेस्ट इंडीजचा संघ येथे आला, तेव्हा आखूड टप्प्याच्या वेगवान चेंडूपुढे त्यांची अडचण उघड झाली. नोव्हेंबर १९९५ नंतर ते कसोटी खेळलेच नाहीत. तेव्हा त्यांचे वय केवळ २३ होते. एकदिवसीय सामने मात्र ते २००० सालापर्यंत खेळत राहिले, आणि प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी सुमारे साठच्या सरासरीने ९,९६५ धावा केल्या. एवढे असता पुन्हा एकदा कसोटीत परीक्षा पाहावयास काय हरकत होती, ही त्यांच्या चाहत्यांची तक्रार आम्हांस अवास्तव वाटत नाही.

अल्पायुषी कीर्तीस दालनात जागा मिळत नाही, असे मात्र नाही. अमेरिकेत बेसबॉलचे कीर्तिदालन आहे. तेथे निदान दहा हंगाम खेळल्यावाचून प्रवेश नाही. तथापि ॲडी जॉस हा चेंडूफेक्या नऊ हंगाम खेळून १९११ साली एकतिसाव्या वर्षी वारला, आणि १९७८ साली नियम बाजूस ठेवून त्यास आत घेतले. क्रिकेटमध्ये दक्षिण आफ्रिकेचे बॅरी रिचर्ड्स यांचे उदाहरण आहे. त्यांच्या वाट्यास चारच कसोटी सामने आले, धावा ५०८. तरी ते कीर्तिदालनात आहेत. महाभारतातील अभिमन्यूची गणना आपण वीरांत करतो, ती काही त्याने किती युद्धे जिंकली ते मोजून नव्हे. परंतु या तिघांची वाट बाहेरून अडविली गेली: जॉसची मृत्यूने, रिचर्ड्स यांची त्यांच्या देशाच्या वर्णद्वेषी राजनीतीने, अभिमन्यूची चक्रव्यूहाने. कांबळींचे दार शेवटी निवड समितीने लावले हे खरे. पण त्यापूर्वीचे दहा सामने ते उघडेच होते.

म्हणून आमचा सिद्धान्त असा, की जगातील सर्वकालीन श्रेष्ठांच्या दालनात त्यांची जागा नाही. नियमाचे अक्षर त्यांच्या बाजूचे असले, तरी आशय नाही. अलीकडे त्यांच्या आजारपणाच्या वार्ता ऐकून ‘आता तरी तो मान द्या’ असे म्हणणारे सहृदय लोक भेटतात. त्यांस आमचे सांगणे, की दयेने औषधपाणी करावे, पैसा द्यावा, सोबत द्यावी. मान मात्र दयेपोटी देऊ नये. तसा दिलेला मान घेणाऱ्यास लहान करतो. शिवाय मानाच्या पायऱ्या अनेक असतात. एकही कसोटी न खेळता ५८९ बळी घेणारे पद्माकर शिवलकर यांस २०१७ साली सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. वानखेडे मैदानास पन्नास वर्षे झाली म्हणून जानेवारी २०२५ मध्ये तेथे कांबळींचा सत्कार झाला, तोही योग्यच. ज्या मैदानावर २२४ धावा झाल्या, त्या मैदानाने आपला माणूस ओळखला.

कीर्तिदालनाचा निर्णय करणारे दुसरे आहेत. आपल्या हाती आहे ते आपले घर, आणि तेथे या गृहस्थावर रोज अन्याय होतो. जेवणाच्या पंक्तीस मुलाने अभ्यासाचा कंटाळा केला, की काका किंवा आजोबा म्हणतात, “दोघे एकाच गुरूचे शिष्य, एक कोठे गेला, दुसरा कोठे राहिला, पाहा!” शिक्षकी व्यवसायात आयुष्य गेल्यामुळे आम्हांस पक्के ठाऊक आहे, की अशा तुलनेने मागे राहिलेला मुलगा पुढे येत नाही, आणि पुढे असलेल्यास विनय येत नाही. एकत्र कुटुंबात चुलत भावंडे एका ताटाशेजारी जेवतात. तेथे तर ही तुलना फार खोल रुतते. एका हयात माणसाचे सारे आयुष्य आपल्या मुलांच्या बोधासाठी दृष्टांत म्हणून वापरण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? त्यांच्या घरची सुखदुःखे आपणांस काय ठाऊक?

तेव्हा वाचकहो, यापुढे घरात त्यांचे नाव निघाले तर हिशेब पुरा सांगावा. २९१ सांगावयाचे असतील तर ७९३ ही सांगावे. कांजूरमार्गच्या एका मुलाने एकविसाव्या वर्षी लागोपाठ दोन द्विशतके काढली, आणि ती अद्यापि कोणी पुसलेली नाहीत, हेही सांगावे. कीर्तिदालनाबाहेर राहिलेल्या माणसास एवढा मान आपल्या घरातून मिळाला तरी पुष्कळ झाले.