नितळ पाणी, बेशरम काठ

पाण्याची बाटली विकत घेताना आपण सील चेक करतो, डेट बघतो. फ्लॅटमधल्या आरओचा फिल्टर वेळच्या वेळी बदलतो. पण पुसदला किंवा तालुक्यातल्या आपल्या गावी आईबाबा, आजी, काकू रोज जे पाणी पितात, ते शेवटचं कधी तपासलं? सांगा बरं!

खरं तर पाणी हा पुसदचा जुना विषय. सुधाकरराव नाईक इथलेच. ते मुख्यमंत्री असताना, 1992 साली, राज्यात जलसंधारणाचं वेगळं खातं सुरू झालं. 10 मे 2001 ला ते गेले आणि तो दिवस महाराष्ट्रात जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ आपण शाळेतच पाठ केलंय. आता पुढचा प्रश्न : अडवलेलं, जिरवलेलं पाणी पिण्यासारखं आहे का?

हा प्रश्न उगाच नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. ते खडकातूनच पाण्यात उतरतं. ना रंग, ना वास. पाणी काचेसारखं नितळ! लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 ही शेवटची मर्यादा. त्यापुढे वर्षानुवर्षं प्यायलं, की लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात आणि मोठ्यांची हाडं-सांधे आखडतात. आणि हो, उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं, फ्लोराइड तिथंच राहतं.

मग करायचं काय? पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा ग्रामपंचायतीत एक साधा प्रश्न विचारा : आपल्या गावाला कोणतं कार्ड मिळालंय? पाण्याच्या स्रोतांची आणि आसपासच्या स्वच्छतेची पाहणी करून गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड दिलं जातं. लाल म्हणजे धोका. पण हिरवं कार्ड मिळालं म्हणून फ्लोराइड नाही, असं समजू नका. त्यासाठी रासायनिक तपासणी वेगळी लागते. सरकारी प्रयोगशाळांत माफक फी भरून कुणालाही ती करून घेता येते. जवळची लॅब कोणती, ते पंचायत समितीत विचारा. हातपंप आधी थोडा वेळ चालवा, स्वच्छ कॅन त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळा आणि मग भरा. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र लॅबचीच निर्जंतुक बाटली हवी, कोल्ड्रिंकची चालणार नाही.

हे झालं विहिरी-हातपंपांचं. आता नदीकडे या. पूस पुढे पैनगंगेला मिळते, म्हणजे इथली घाण पुढच्या गावाच्या वाट्याला. काठावर मुळं घट्ट असतील तर माती धरून ठेवली जाते, शेतातून वाहून येणारं खत थोडं तरी अडतं. पण विदर्भातल्या ओढ्या-नाल्यांच्या काठी आज काय दिसतं? बेशरम! मूळची दक्षिण अमेरिकेची. तोडून फेकलेली फांदी पडल्या जागी रुजते, नाव उगाच नाही पडलं. गुरांना ती विषारी. म्हणून मुळासकट उपटा आणि पाण्यापासून लांब, कोरड्या जागी वाळवा.

तिच्या जागी काय लावायचं? गुलमोहर नको, तो मादागास्करचा पाहुणा. उंबर, करंज, जांभूळ, अर्जुन ही आपली काठावरची मंडळी. मधल्या जागेत वाळा लावा, त्याची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात. रोपं सामाजिक वनीकरणाच्या नर्सरीत विचारा. जागा नगरपालिकेची असेल तर आधी परवानगी घ्या.

एक अट मात्र पाळा. पाच जूनला पन्नास रोपं लावून फोटो काढण्यापेक्षा पाचच लावा, आणि दोन उन्हाळे त्यांना पाणी कोण घालणार, ते आधी ठरवा. तुम्ही शहरात, रोपं गावात. तेव्हा शेजारच्या एखाद्या पोराला किंवा शाळेतल्या सरांना पार्टनर करा. ट्री गार्डचा खर्च तुमचा, बादली त्यांची. फेअर डील!

घरी फोन केला की आपण विचारतोच, ‘नळ आला का?’ आजपासून एक प्रश्न आणखी विचारा : ‘पाणी तपासलं का?’