सहा लाखांची हलकी बंदूक आणि वीस गुंठ्यांचं भात

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या शेतात डुकरं शिरतात त्यांनी शेवटपर्यंत वाचा. आणि ज्यांच्याकडे शेत नाही पण बंदुकीची हौस आहे, त्यांनी तर वाचाच.

गेले काही दिवस आपल्या तालुक्यातल्या ग्रुपांवर परदेशी शिकाऱ्यांचे रील फिरतायत. बर्फाचा डोंगर, पाठीवर सॅक, हातात काळी चकचकीत रायफल. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, "वजन फक्त अडीच किलो! आपल्या शेतकऱ्याला सरकार अशा बंदुका कधी देणार?" त्यावर शंभर अंगठे. एका उत्साही कार्यकर्त्याने मला फोन करून सांगितलं, "साहेब, यावर लिहा. मागणी लावून धरू." म्हटलं, लिहितो. पण तुम्हाला पाहिजे तसं नाही.

आधी ही बंदूक काय चीज आहे ते बघू.

अमेरिकेत कारखान्यात तयार होणारी साधी शिकारी रायफल सहा-आठशे डॉलरला मिळते. दुर्बीण लावली की तिचं वजन चार किलोच्या आसपास जातं. हे वजन कमी करण्याचं वेड तिथे जुनं आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या मेल्विन फोर्ब्ज नावाच्या कारागिराने १९८० च्या दशकात लाकडी दस्ता काढून केव्हलार आणि कार्बन धाग्यांचा दस्ता बसवला आणि अडीच किलोच्या आतबाहेरची रायफल बनवून दाखवली. आता त्यात टायटॅनियम आलं, कार्बन गुंडाळलेली नळी आली. गिऱ्हाईकाच्या मापाने अशी रायफल बनवून घ्यायची तर पाच-सात हजार डॉलर लागतात. म्हणजे आपले चार ते सहा लाख रुपये. एक-दीड किलो वजन कमी करण्यासाठी!

हा खर्च वेडेपणाचा आहे का? सगळ्यांसाठी नाही. अलास्कात रानमेंढ्याच्या मागे आठ-दहा दिवस डोंगर चढणारा माणूस तंबू, शिधा, पाणी सगळं पाठीवर नेतो. तिथे एक किलो म्हणजे एक किलोच. हातात परवाना आणि समोर दरीपलीकडे उभं जनावर. त्याने सहा लाख खर्च केले तर त्याचा हिशोब मला समजतो.

पण हलकेपणाची किंमत फक्त पैशात मोजावी लागत नाही. गोळी तीच, दारू तीच आणि बंदूक हलकी, तर खांद्याला बसणारा धक्का वाढतो. चार किलोची बंदूक अडीच किलोवर आणली की मागे येणारा जोर दीडपटीहून जास्त होतो, हे साधं विज्ञान आहे. हलकी नळी हातात डुलते. दमलेल्या माणसाच्या हातात जास्तच डुलते. बारीक पोलादी नळी दोन-तीन बारांत तापते. म्हणून तिथलेही जाणते शिकारी सांगतात की गाडीतून उतरून मचाणावर बसणाऱ्याने या भानगडीत पडू नये. तेवढ्या पैशात साधी बंदूक, चांगली दुर्बीण आणि सरावाची भरपूर काडतुसं येतात.

म्हणजे बंदुकीची किंमत वसूल होते की नाही हे तिचं काम ठरवतं. आता हीच फूटपट्टी आपल्या कोकणात लावू.

आपलं काम काय आहे? भात पोटरीला आलं की रात्री डुकरांचा कळप शेतात उतरतो. खातो थोडं, लोळून-तुडवून घालवतो जास्त. अंतर वीस-तीस पावलांचं. अंधार. भोवताली काजूच्या बागा, पलीकडे वाडी, मध्ये पायवाट. तिथे दरीपलीकडे मारायची रायफल? तिची गोळी चुकली तर किलोमीटरच्या हिशोबात पुढे जाते. कातळावर आपटली तर कुठे उसळेल याचा नेम नाही. "डुक्कर समजून माणसावर बार" ही बातमी कोकणातल्या कुठल्याही पत्रकाराला नवी नाही. मीही लिहिली आहे. त्या बातमीत मेलेला आणि मारणारा बहुतेक वेळा एकाच वाडीतले, कधी तर एकाच घरातले असतात.

आणि मिळणार तरी कशी? खासगी माणसाला परदेशी बंदूक आयात करायला आपल्याकडे १९८० च्या दशकापासून बंदी आहे. नामवंत नेमबाजांना सवलत आहे, बागायतदाराला नाही. तेव्हा रीलमधली बंदूक विसरा. ती मागणी करणाऱ्याने कायदाही वाचलेला नाही आणि शेतही राखलेलं नाही.

कायद्यात काय आहे ते सांगतो. १९५९ चा शस्त्र कायदा पीक संरक्षणासाठी कुठली बंदूक म्हणतो माहीत आहे? ठासणीची! होय, नळीत वरून दारू ठासायची ती, पणजोबांच्या काळातली. ठासणीची पुरत नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर तो काडतुसी बंदुकीचा परवाना देऊ शकतो. म्हणजे एकीकडे पोरं कार्बनच्या नळीची स्वप्नं बघतायत आणि दुसरीकडे कायदा अजून दारू ठासतोय. या दोन टोकांच्या मध्ये आपला शेतकरी कंदील घेऊन बसलाय.

बरं, समजा परवाना मिळाला. अर्ज, पोलीस चौकशी, जिल्ह्याच्या ठिकाणी फेऱ्या, सगळं पार पडलं. आता हिशोब करू. वीस गुंठे भात. कोकणातल्या वरकस-मळ्याच्या सरासरीने सहा क्विंटल धरा. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. अख्खं पीक हाती आलं तरी चौदा हजार. त्यातून नांगरणी, लावणी, खत, मजुरी वजा करा. कुठलीही नवी काडतुसी बंदूक या अख्ख्या पिकापेक्षा महाग आहे. वर काडतुसं, नूतनीकरण, घरात सुरक्षित ठेवायची सोय. चौदा हजार वाचवायला त्याच्या कितीतरी पट घालायचे, याला आपल्याकडे शेती म्हणत नाहीत, हौस म्हणतात.

आणि एवढं करून डुक्कर मारता येतं का? नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे मारायची परवानगी नव्हे. इथेच निम्मे लोक फसतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीला बंदी आहे. रानडुक्कर आता या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायला वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. तो नसेल तर तुमच्याच शेतात, तुमच्याच परवान्याच्या बंदुकीने मारलेलं डुक्कर तुम्हाला तुरुंगात नेऊ शकतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मग परवान्याची बंदूक उरते कशाला? हवेत बार काढायला. त्याला सुतळी बाँब पुरतो, आणि डुकरं दोन्हीला सारखीच सरावतात.

अजून एक गंमत ऐका. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता लागली १६ मार्चला, उठली जूनच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे काजू-आंब्याचा अख्खा हंगाम. विधानसभेची लागली १५ ऑक्टोबरला, निकाल २३ नोव्हेंबरला. म्हणजे भाताची कापणी. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस निघते. छाननी समिती असते, सवलतीचा अर्जही करता येतो, हे मला ठाऊक आहे. पण तो अर्ज करायला ऐन कापणीत एक दिवस मोडायचा कुणी? ज्या हंगामासाठी बंदूक घेतली त्याच हंगामात ती ठाण्याच्या कोठीत. एका वर्षात दोनदा! माकडांना आणि डुकरांना आचारसंहिता लागू नाही, एवढंच.

म्हणून मी म्हणतो, 'शेतकऱ्याला बंदूक द्या' ही घोषणा शेतकऱ्याच्या बाजूची वाटते, पण ती शेतकऱ्याच्या गळ्यात मारलेली आहे. तिचा सरळ अर्थ असा की बंदूक तुझी, पैसे तुझे, रात्रीची झोप तुझी, चुकून माणूस मेला तर खटला तुझा. पुढारी मात्र भाषण करून मोकळा. शासनाची जबाबदारी अशी हलकी करून शेतकऱ्याच्या खांद्यावर टाकायची. खरी 'हलकी बंदूक' ही आहे.

डुकरं वाढली कशामुळे हेही बघा. वाडीत पूर्वी चाळीस घरं भात लावायची, राखण पाळीपाळीने व्हायची. आज त्यातली कितीतरी घरं मुंबईला. शेतं पड, त्यात रान माजलेलं. डुकराला दिवसा लपायला याहून चांगली जागा नाही. मग जे पाच-सहा शेतकरी अजून टिकून आहेत, त्यांच्यावर सगळा भार येतो. या पाच-सहांपैकी एकाने बंदूक घेतली तर डुकरं दुसऱ्याच्या शेतात जातात. मादी एका वेताला चार-सहा पिल्लं घालते. एकट्याची बंदूक हा यावरचा इलाज नाहीच.

मग काहीच करू नये का? प्राणीप्रेमी मित्र लगेच खूश होतील, म्हणून त्यांनाही सांगतो. कायदेशीर मार्ग बंद केले की प्राणी वाचत नाहीत. लोक फासकी लावतात, त्यात बिबट्या अडकून तडफडून मरतो. कुंपणात चोरून वीज सोडतात, त्यात गाय मरते, शेजारी मरतो. गावठी बाँब पेरतात, त्यात कुत्र्याचा जबडा फुटतो. शहरात बसून 'सहजीवन' शिकवणाऱ्यांनी एक कापणी आमच्या खोपीत बसून काढावी, मग बोलू.

केरळने काय केलं ते बघण्यासारखं आहे. २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या सरकारने उपद्रवी रानडुक्कर मारण्याचा आदेश द्यायचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिला. म्हणजे पंचायतीचा अध्यक्ष. मारणार कोण? यादीवर घेतलेले परवानाधारक नेमबाज. विष, स्फोटक, वीज यांना बंदी. मांस खायचं नाही, पुरायचं. सगळं सुरळीत झालं असं नाही, नेमबाज कमी पडतात अशी तिथल्या पंचायतींचीच तक्रार आहे. पण दिशा बघा. प्रत्येक घरात बंदूक देण्याऐवजी गावासाठी मोजके, तयार आणि जबाबदार हात. निर्णय जिल्ह्याच्या फायलीत नाही, गावात.

कुणी म्हणेल, आपल्याकडे सरपंचाला हा अधिकार दिला तर शिकारीच्या पार्ट्या होतील. होतील की. आत्ता होत नाहीत का? चोरून होतात, कुठे होतात ते सगळ्यांना माहीत असतं, आणि ताटात बसणाऱ्यांत कोण कोण असतं तेही. लेखी आदेश, नेमबाजाचं नाव, काडतुसांचा हिशोब आणि वनरक्षकासमोर पुरलेलं जनावर, एवढं असलं तर पार्टीला अडचणच होईल.

तेव्हा मागायचंच असेल तर हे मागा.

एक, डुकरांबाबतचा निर्णय गावपातळीवर, ठरलेल्या दिवसांत. अर्ज केल्यावर पीक कापून झाल्यावर येणारी परवानगी ही परवानगी नसते.

दोन, आचारसंहितेत पीक संरक्षणाच्या परवान्यांची छाननी आधीच करून ठेवा. ज्याच्यावर गुन्हा नाही त्याला ठाण्यात बोलावू नका.

तीन, सौर कुंपणाची योजना एकेकट्याला न देता अख्ख्या मळ्याला द्या. एका शेताभोवतीचं कुंपण डुक्कर शेजारच्याकडे ढकलतं, मळ्याभोवतीचं कुंपण रानात परतवतं.

चार, विमा. वन्यप्राण्यांमुळे होणारं नुकसान २०२६ च्या खरिपापासून पीक विम्यात घेणार, असं केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. अट अशी की ७२ तासांत ॲपवर जागेच्या नोंदीसह फोटो टाकायचे. आमच्या निम्म्या वाड्यांत रेंजसाठी टेंबावर जावं लागतं. तिथे कृषी सहायकाने स्वतः येऊन नोंद घ्यावी, ही मागणी आत्तापासून लावा.

यातली एकही गोष्ट रीलमध्ये चांगली दिसणार नाही. कुंपणाच्या तारेचा फोटो काढून कुणी स्टेटसला ठेवत नाही. बंदुकीचा ठेवतात. गाडीवरचा लाल दिवा २०१७ साली गेला, तेव्हापासून काहींना मिरवायला बंदूकच उरली आहे. ज्यांना मिरवायची आहे त्यांनी स्वतःच्या पैशाने खुशाल मिरवावी. फक्त तिला शेतकऱ्याचं नाव देऊ नये.

येत्या ग्रामसभेत हे चार मुद्दे ठराव म्हणून मांडा. ठराव लिहून घेतला की नाही हे इतिवृत्तात बघा, तोंडी 'हो'वर उठून येऊ नका. ठरावाचा मसुदा हवा असेल तर मला सांगा, लिहून देतो. आणि तुमच्या वाडीत यंदा किती शेतं डुकरांमुळे पड राहिली, तो आकडा मला पाठवा. सरकारकडे तो आकडा नसेल तर आपण गावागावातून गोळा करू.