दहा नंबरची जागा

मैत्रिणींनो, आजचा विषय बघून तुम्ही म्हणाल, बाईंना झालंय तरी काय? लोणच्याचं प्रमाण नि लोकरीचे टाके सोडून आज बास्केटबॉल कुठून काढला? पण जरा दम धरा. गोष्ट खेळाची आहे खरी, पण तिच्यात दुखणं आहे, बाळंतपण आहे, आईची सेवा आहे, आणि एक माणूस अंथरुणाला खिळल्यावर बाकीच्यांनी गाडा कसा ओढला, तेही आहे. म्हणजे आपलाच विषय झाला की नाही?

खेळ तुम्ही शाळेच्या मैदानावर पाहिला असेलच. दोन्ही बाजूंना पाच-पाच जणी. दहा फूट उंचीवर लोखंडी कडं, त्याला जाळी. चेंडू जमिनीवर आपटत न्यायचा आणि कड्यातून टाकायचा. जवळून टाकला तर दोन गुण, लांबच्या रेघेबाहेरून टाकला तर तीन. आता प्रत्येक संघात एक जण अशी असते की चेंडू पुढे न्यायचा, कोणाला द्यायचा, कधी थांबायचं, हे सगळं ती ठरवते. तिला म्हणतात पॉइंट गार्ड. गुण दुसरीच्या नावावर लागतात, पण हिच्यावाचून कोणाचं चालत नाही. अशी व्यक्ती आपल्या प्रत्येकीच्या घरात असते, आणि बहुतेक घरांत ती कोण, हे मी सांगायला नकोच.

अमेरिकेत १९९७ साली बायकांची डब्ल्यूएनबीए ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी संघ होते आठ. सामने भर उन्हाळ्यात, कारण हिवाळ्यात मोठी प्रेक्षागृहं पुरुषांच्या सामन्यांसाठी लागत. पाहुणे गेल्यावर आपल्याला खोली मिळावी, तसंच म्हणा ना! त्या आठांत टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहराचा एक संघ होता, ह्यूस्टन कॉमेट्स. कॉमेट म्हणजे धूमकेतू. व्हॅन चॅन्सेलर हे त्यांचे प्रशिक्षक. या संघाने १९९७ ते २००० अशी पहिली चारही अजिंक्यपदं जिंकली.

यातल्या एकेकीची ओळख करून घ्या. सिंथिया कूपर स्पर्धा सुरू झाली तेव्हा चौतीस वर्षांची होती. मायदेशात व्यावसायिक खेळायची सोय नव्हती म्हणून तिने दहा-एक वर्षं स्पेन आणि इटलीत खेळून काढली होती. तिच्या आईने, मेरी कॉब्स यांनी, लॉस एंजेलिसच्या वॉट्स या गरीब वस्तीत आठ मुलं वाढवली. १९९७ मध्ये त्यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचं कळलं. एकीकडे आईचं दुखणं, घरात बहीण-भावंडांची मुलं, आणि दुसरीकडे सामने. तरी पहिले तीनही मोसम साऱ्या स्पर्धेत सर्वाधिक सरासरी गुण कूपरचेच!

दुसरी शेरिल स्वूप्स. १९९७ च्या जूनमध्ये तिला मुलगा झाला आणि सहा आठवड्यांनी ती मैदानात उतरली. आपल्याकडे सव्वा महिना झाला की बाळंतीण कुठे घरात वावरायला लागते, आणि ही धावायला लागली! आता हे तुम्हीही करा असं मी मुळीच सांगत नाही हं. तिच्यामागे डॉक्टर होते, सराव करून घेणारे होते. तिसरी टीना थॉम्प्सन, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली.

आणि चौथी आपल्या गोष्टीतली, किम पेरो. लुइझियाना राज्यातल्या लाफायेटची मुलगी. उंची जेमतेम पाच फूट पाच इंच, म्हणजे या खेळात बुटकीच. संघांनी खेळाडू निवडले तेव्हा हिचं नाव कोणी घेतलं नाही. चाचणी देऊन ती संघात आली आणि दहा नंबरची जर्सी घालून पॉइंट गार्ड झाली. १९९८ च्या मोसमात कॉमेट्सनी ३० पैकी २७ सामने जिंकले, ते ही किम चेंडू वाटत होती म्हणून.

मग आला १९९९ चा फेब्रुवारी. त्या एकाच महिन्यात कूपरची आई गेली आणि किमला फुफ्फुसाचा कर्करोग झाल्याचं कळलं. तो मेंदूपर्यंत पोचला होता. कूपर आणि किम जिवाभावाच्या मैत्रिणी. आईचं दुखणं नुकतंच उरकलं, तोच हे दुसरं समोर उभं.

जूनमध्ये सामने सुरू झाले तेव्हा किम उपचार घेत होती. आता तिचं काम करायचं कोणी? सोन्या हेनिंग नावाची खेळाडू त्या जागी खेळू लागली. ही बाई शिकलेली वकील होती. पण सगळा भार एकट्या हेनिंगवर टाकला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या मोसमात कूपर आणि स्वूप्स, दोघींनीही आदल्या वर्षीपेक्षा कितीतरी अधिक वेळा चेंडू दुसरीच्या हाती देऊन तिच्याकडून गुण करवले. स्वूप्सचं प्रमाण तर जवळजवळ दुप्पट झालं. किमचं काम तिघी-चौघींनी वाटून घेतलं, आणि ३२ पैकी २६ सामने जिंकले.

१९ ऑगस्टला किम गेली. वय अवघं बत्तीस. साखळी सामने तेव्हा संपत आले होते आणि बाद फेरी तोंडावर होती. रडायलासुद्धा सवड नाही अशी वेळ. प्रेक्षक ओरडू लागले, ‘थ्री फॉर टेन’, म्हणजे तिसरं अजिंक्यपद दहा नंबरसाठी.

अंतिम फेरीत गाठ न्यूयॉर्क लिबर्टीशी. तीनपैकी दोन सामने जिंकायचे. पहिला कॉमेट्सनी जिंकला. ४ सप्टेंबरला दुसरा, ह्यूस्टनमध्येच. अडीच सेकंदसुद्धा उरले नव्हते तेव्हा थॉम्प्सनने चेंडू टाकला आणि कॉमेट्स एका गुणाने पुढे गेल्या. झालं, जिंकलो, असं समजून वरून रंगीत कागदाचे तुकडे उधळायलाही सुरुवात झाली. आणि न्यूयॉर्कच्या टेरेसा वेदरस्पूनने मैदानाच्या मध्यरेषेच्याही मागून चेंडू भिरकावला, तो थेट कड्यात! ६८-६७ असा सामना हातचा गेला.

तिसरा सामना लगेच दुसऱ्या दिवशी. विचार करा, मैत्रीण जाऊन पुरते तीन आठवडे झालेले नाहीत, तोंडाशी आलेला घास गेलेला, आणि मध्ये फक्त एक रात्र. कॉमेट्सनी तो सामना ५९-४७ असा जिंकला. नंतर कूपरने दहा नंबरची जर्सी उंच धरली. दहा नंबर त्या संघाने पुन्हा कोणाला दिला नाही. संघ २००८ च्या अखेरीस बंद पडला, पण खिलाडूवृत्तीसाठी किम पेरोच्या नावाचं पारितोषिक ती स्पर्धा आजही दरवर्षी देते.

जिंकल्यामुळे किम परत आली नाही, हे खरंच. दुखण्यापुढे कधीकधी कोणाचंच चालत नाही. पण मला त्यातून दोन गोष्टी दिसल्या. किमचं काम त्यांनी वाटून घेतलं, आणि तिची जागा मात्र तिचीच राहू दिली. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत असंच असतं. एखादी शिक्षिका लांबच्या रजेवर गेली की तिचे तास आम्ही वाटून घेतो, पण मस्टरवरचं तिचं नाव कोणी खोडत नाही.

आपल्या घरी काय होतं? सासूबाई किंवा आई अंथरुणाला खिळल्या की सगळं एकाच सुनेच्या नाहीतर लेकीच्या अंगावर पडतं. मग ती थकते, चिडते, आणि आजारी माणसाला वाटतं की आपण ओझं झालो. म्हणून पहिल्या दिवशीच कागद घेऊन बसा. औषधांच्या वेळा एकाकडे, दूध-भाजी दुसऱ्याकडे, मुलांचा अभ्यास तिसऱ्याकडे, रात्रीचं जागरण आळीपाळीने. घरातल्या पुरुषांची नावंही त्यात आली पाहिजेत हं! आणि आजारी माणसाला विचारणं थांबवू नका. भाजणीचं प्रमाण, लग्नातला आहेर, धाकट्याचं वेळापत्रक, झोपून सांगता येण्यासारखं पुष्कळ असतं.

दुसरं म्हणजे, आपल्याच घरची पॉइंट गार्ड आपण असलो तर? गॅसचं पुस्तक, रेशनकार्ड, विजेचं बिल, बँकेचं पासबुक, मुलांच्या लसीची कार्डं कुठे आहेत हे घरात आणखी दोघांना तरी ठाऊक हवं. आणि दुखणं अंगावर काढू नका. खोकला दोन आठवड्यांवर टिकला, छातीत गाठ लागली, तर ‘सणवार आटपू दे, मग बघू’ असं म्हणू नका. डॉक्टरांना लगेच दाखवा. चार दिवस घर आपल्यावाचून चालतं, त्याला चालायला शिकवावं मात्र लागतं.

तुमच्या घरी अशी वेळ आली असेल, तर कामं कशी वाटून घेतलीत ते मला अवश्य लिहून कळवा. कोणाला तरी त्याचा उपयोग होईल.